शंभरापैकी चौसष्ट

मार्कांवाचून आपल्याकडे पान हलत नाही, हे मी नव्यानं सांगायला नको. दहावीचा निकाल लागला की पेढ्यांच्या आधी टक्के घरोघरी पोचतात. पाककृती स्पर्धेत चवीला इतके, मांडणीला इतके, पौष्टिकतेला इतके. हळदीकुंकवाला कुणी उखाणा घेतला तरी मागून हळूच आवाज येतोच, "दहापैकी सात हं!" गाण्याला मार्क, रांगोळीला मार्क. आणि मुलगी बघून गेलेली मंडळी जिना उतरताना मनातल्या मनात काय करत असतात? तेच की!

तेव्हा मुलांच्या त्या व्हिडिओ गेमनाही मार्क असतात, हे ऐकून मला नवल वाटायचं कारण नव्हतं. पण वाटलं. कारण ही गोष्ट कानावर आली ती एका लग्नाच्या बोलण्यात.

माझ्या थोरल्या नणंदेचा मुलगा पुण्याला गेम बनवणाऱ्या एका कंपनीत चित्रकार आहे. चित्रकार म्हणजे ब्रश आणि रंगाच्या वाट्या नव्हेत. खेळणारा ज्यातून हिंडतो ते वाडे, झाडं, गल्ल्या, पाऊस, सगळं कॉम्प्युटरवर उभं करायचं. साडेतीन वर्षं तो एकाच गेमवर खपत होता. परदेशातल्या कंपनीचं काम, रात्री-अपरात्री फोन, गणपतीला आला तरी मांडीवर कॉम्प्युटर. शेवटी एकदाचा गेम बाहेर पडला. आम्ही देवापुढं साखर ठेवली.

त्याच सुमारास एक स्थळ सांगून आलं. नणंदबाई राहतात गारगोटीला, म्हणून सर्वांच्या सोयीनं बैठक आमच्याकडे कोल्हापुरात ठरली. पोहे झाले, चहा झाला. मुलीच्या काकांनी खिशातून मोबाईल काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "पाव्हणं, ह्या पोराच्या गेमाला मार्कं चौसष्टच पडल्यात की वो! रंगबी पिवळा दाखवतोय. म्हंजे काठावर पास म्हणायचं का कसं?"

काकांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना गेममधलं काही कळत नव्हतं, पण आकडा कळत होता. भाचा काही बोलला नाही. बशीतले शेंगदाणे एकीकडे करत बसला. नणंदबाईंनी माझ्याकडे बघितलं, कारण घरात मार्क देणारी बाई मी एकटीच! मी अर्धवेळ का होईना, शाळेत शिकवते. मी हसत म्हटलं, "अहो काका, चौसष्ट म्हणजे आमच्याकडे फर्स्ट क्लास!" सगळे हसले, वेळ निभावली. पण रात्री भांडी आवरताना भाचा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "मामी, आमच्यात चौसष्टला फर्स्ट क्लास नसतो. पुढचं काम मिळायचं की नाही, ते ह्याच आकड्यावर आहे."

मग मात्र मी ह्या मार्कांचा पिच्छाच पुरवला. हे मार्क देतं कोण, कसे देतं, आणि आमच्या शाळेतला पहिला वर्ग तिथे काठावर पास कसा होतो?

आमच्या लहानपणी, नव्वदच्या दशकात, टीव्हीला जोडायचे खेळ होते. जाड प्लॅस्टिकची कॅसेट, तिच्यावर लिहिलेलं '९९९९९९ इन वन', आणि आत फिरून फिरून तेच पाच-सहा खेळ. तेव्हा परीक्षण वगैरे कुठलं? शेजारचा दादा म्हणेल ते प्रमाण. "काँट्रा भारी आहे" म्हणाला की काँट्रा भारी. सुट्टीत तासाच्या भाड्यावर खेळायला मिळायचं आणि नाही आवडलं तर फार तर पाच रुपये बुडायचे. आता नवा मोठा गेम तीन-चार हजारांच्या घरात जातो. एवढे पैसे टाकायचे म्हणजे आधी कुणाला तरी विचारायला हवंच. साडी घेताना आपण पदर उलगडून बघतो, पोत बोटांनी चाचपतो. गेमचा पोत दुकानात कळत नाही. वीस-तीस तास खेळावं तेव्हा कुठे कळतो. म्हणून आपल्या आधी खेळून सांगणारा माणूस लागतो. तोच समीक्षक.

जपानमध्ये १९८६ साली 'फामित्सू' नावाचं नियतकालिक निघालं. त्याची रीत मला आवडली. एका गेमला चार परीक्षक, प्रत्येकाचे दहा मार्क, एकूण चाळीस. चौघांचे आकडे वेगवेगळे छापायचे, शेजारी प्रत्येकाचा छोटासा अभिप्राय. म्हणजे एकाला नऊ वाटले आणि दुसऱ्याला सहा, तर ते वाचकाला दिसतं. चाळीसपैकी चाळीस मिळवणारा पहिला गेम निघाला तो १९९८ साली, 'झेल्डा' मालिकेतला 'ओकारिना ऑफ टाइम'. बारा वर्षं कुणाला पैकीच्या पैकी नाहीत! आमच्या जुन्या हेडबाईंची आठवण झाली. निबंधाला पैकीच्या पैकी म्हणजे सरस्वतीलासुद्धा नाहीत, असा त्यांचा बाणा.

पण काकांच्या मोबाईलवर दिसला तो आकडा ह्या जातीचा नव्हता. तो होता 'मेटाक्रिटिक'चा. २००१ साली अमेरिकेत सुरू झालेली ही मंडळी स्वतः गेम खेळून मार्क देत नाहीत. ठिकठिकाणच्या समीक्षकांनी दिलेले मार्क गोळा करतात, शंभरात बसवतात आणि त्यांची सरासरी काढतात. कुणी पाचपैकी तीन तारे दिले असतील, त्याचे साठ होतात. कुणी दहापैकी आठ दिले, त्याचे ऐंशी. कुणी ए, बी, सी अशी श्रेणी दिली, तर तिचाही आकडा होतो. शिवाय सगळे समीक्षक सारखे धरत नाहीत. काहींच्या मताला वजन जास्त, काहींच्या कमी, आणि कुणाला किती वजन हे ते सांगत नाहीत. आता बघा, तीन तारे देणाऱ्या समीक्षकाच्या मनात 'बरा आहे, खेळायला हरकत नाही' असं असेल. पण त्याचे साठ झाले की त्यातली ती हरकत नसणारी माया उडून जाते आणि कोरडा आकडा तेवढा मागे राहतो.

रंगाची गंमत तर आणखी निराळी. ह्या आकड्यांना हिरवा, पिवळा आणि तांबडा असे रंग असतात. सिनेमाला एकसष्टपासून पुढे हिरवा रंग मिळतो. गेमला मात्र हिरव्यासाठी पंचाहत्तर लागतात. पन्नास ते चौऱ्याहत्तर पिवळा, त्याखाली तांबडा. म्हणजे आमच्या भाच्याने गेमऐवजी सिनेमा काढला असता आणि त्याला हेच चौसष्ट पडले असते, तर काकांना हिरवा रंग दिसला असता आणि कदाचित त्याच बैठकीत सुपारी फुटली असती!

असं का, तर गेमच्या दुनियेत सात म्हणजे बेताचे, आठ म्हणजे चांगले आणि नऊच्या पुढे उत्तम अशी मोजणीच पडून गेली आहे. पन्नासच्या खालची जागा जवळजवळ मोकळीच. दहावीच्या पेपरात पस्तीसला पास, साठला पहिला वर्ग आणि पंचाहत्तरला विशेष श्रेणी, ही आपली फूटपट्टी. तिच्यानं त्यांचे मार्क मोजले तर घोटाळा होणारच. आकडा कुठल्या फूटपट्टीवरचा हे कळल्याशिवाय त्याच्यावर बोलू नये, एवढं मी काकांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "हे आमाला कोन सांगणार वो बाई!" खरं आहे. आकड्याबरोबर फूटपट्टी कुणी पाठवत नाही.

माझ्या म्हणण्याला आधार म्हणून भाच्याने मला पुण्याच्याच एका गेमची गोष्ट सांगितली. तिच्याविषयी पुष्कळ लिहून आलं आहे, तेव्हा नावानिशी सांगते. 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक'. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' ह्या छोट्या कंपनीनं तो केला. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड ही तिघं तिच्या मुळाशी. २०१७ साली त्यांनी लोकांकडून वर्गणी गोळा करायचा प्रयत्न केला, पण ठरलेली रक्कम जमली नाही. त्या रीतीत ठरलेली रक्कम पुरी झाली नाही तर हातात काहीच पडत नाही. तरी ती नेटानं काम करत राहिली आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये गेम निन्टेन्डोच्या यंत्रावर आला. ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर.

सुट्टीत माझ्या मुलीनं तो खेळायला घेतला आणि मी वाटाणे सोलत शेजारी बसले. राजी ही डोंबाऱ्यासारखे कसरतीचे खेळ करणारी पोर. राखीपौर्णिमेलाच असुर चाल करून येतात आणि तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात. दुर्गा तिला त्रिशूळ देते आणि ती भावाच्या शोधात निघते. तिची कथा आपल्याला सांगतात दुर्गा आणि विष्णू, दोघं आपसात बोलत. राजस्थानी किल्ल्यांसारखे महाल, पहाडी चित्रांसारखे रंग, मधूनमधून कळसूत्री सावल्यांचा खेळ. भिंतीवरच्या चित्रापाशी थांबलं की त्या देवाची गोष्ट ऐकू येते. माझे वाटाणे राहिले बाजूला!

ह्या गेमला मार्क किती पडावेत? सत्तरीच्या आसपास. म्हणजे पिवळा! समीक्षकांनी लिहिलं ते साधारण असं: चित्रं देखणी, संगीत सुरेख, आजवर गेममध्ये न आलेली दुनिया, पण लढाई जराशी अडखळते, आणि गोष्ट रंगात आली असतानाच संपते. खरं सांगायचं तर हे सगळं आम्हालाही जाणवलं. शेवट झाला तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, हे काय? संपलं?" तेव्हा समीक्षकांनी काही अन्याय केला असं मी म्हणणार नाही. त्यांचं काम त्यांनी चोख केलं. पण त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स' ह्या मोठ्या सोहळ्यात पदार्पणातल्या उत्तम गेमसाठी जगभरातून जी पाच नावं निवडली, त्यांत 'राजी' होता. बक्षीस 'फॅस्मोफोबिया'ला गेलं, ते जाऊ द्या. पण पहिल्या पाचांत बसलेला गेम आणि पिवळ्या रंगातला गेम एकच!

इथे माझ्या मनात आणखी एक विचार आला. दूरदेशीच्या समीक्षकाला दुर्गा कोण, असुर कोण, हे गेममधूनच शिकायचं असतं. आमच्या कोल्हापूरच्या पोराला ते शिकवावं लागत नाही. गावाचं नावच कोल्हासुरावरून पडलं असं आपण आजीकडून ऐकलेलं. ललिता पंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर कोहळा फुटतो, तो बघायला आपण वडलांच्या खांद्यावर बसून गेलेलो. राजी त्रिशूळ उचलते तेव्हा आमच्या घरात जे झालं, ते त्या समीक्षकाच्या घरात कसं होणार? त्याचा दोष नाही. पण त्याचे मार्क म्हणजे त्याच्या घरातून दिसलेला गेम, एवढं ध्यानात ठेवायला हवं. चार दिशांच्या चार घरांतून बघणारे समीक्षक हवेत, आणि त्यांत एखादा मराठीतून लिहिणारा का नसावा?

आता मार्क नुसते शोभेचे असते तर एवढं मनाला लावून घ्यायचं कारण नव्हतं. पण त्यांना पोटापाण्याची गाठ पडली आहे. अमेरिकेतल्या 'ऑब्सिडियन' कंपनीनं २०१० साली 'फॉलआउट: न्यू व्हेगस' केला. मेटाक्रिटिकवर पंच्याऐंशी पडले तर बोनस, असा त्यांचा प्रकाशकांशी करार होता. पडले चौऱ्याऐंशी! एका मार्कानं बोनस गेला. २०१२ साली त्या कंपनीतल्या ख्रिस अ‍ॅव्हेलोन ह्यांनी ही गोष्ट बोलून दाखवली, तेव्हा जगाला कळली. एक मार्क म्हणजे काय? एखाद्या समीक्षकानं साडेआठऐवजी आठ दिले असतील, त्याला त्या दिवशी पडसं झालं असेल! आणि इथे लोकांच्या घरचे हप्ते अडकले.

भाच्याच्या कंपनीतही असंच काही ठरलं असावं. नेमकं काय, ते तो सांगत नाही आणि मीही विचारत नाही. पण चौसष्टनंतर त्यांचा पुढचा गेम लांबणीवर पडला, आणि त्याच्या बरोबरीची काही मुलं घरी बसली, एवढं खरं.

हे ऐकताना मला माहेरचं गुऱ्हाळ आठवलं. माझं माहेर पन्हाळ्याच्या बाजूचं. काहिलीत रस उकळायचा, रानभेंडीच्या पाण्यानं मळी काढायची, आणि गुळव्या पाकाच्या थेंबावरून सांगायचा, आता उतरा! मग रवे भरून गूळ कोल्हापूरच्या मार्केट यार्डात. सौद्यात व्यापारी गूळ बघतो, ठोकून बघतो, चिमूट तोंडात टाकतो, पण पहिली नजर जाते ती रंगावर. पिवळाधमक, केशरी गूळ दिसला की भाव चढा. काळपट गूळ कितीही खमंग असला तरी मागे. मग झालं काय? भाव रंगाला आहे म्हटल्यावर बरेच जण काहिलीत हायड्रॉस नावाची पूड टाकायला लागले. रंग उजळला, भाव मिळाला. पण ती पूड पोटात जाणाऱ्या गुळाच्या काही कामाची नाही, उलट अपायाचीच. माझे वडील म्हणायचे, "आपण गूळ करतोय का रंग करतोय?" पुढे २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आता पुन्हा बिनरसायनाचा काळसर गूळ लोक मुद्दाम मागून नेतात, तेही जास्त पैसे मोजून. पण मधल्या काळात कितीतरी चांगले गुळवे रंगापायी मागे पडले.

गेमचंही असंच होतं, असं भाचा म्हणतो. पंच्याऐंशी हवेत म्हटल्यावर पंच्याऐंशी मिळवलेल्या दुसऱ्या गेमसारखाच गेम करायचा. समीक्षकांना ज्याची सवय आहे ते घालायचं आणि ज्याची खात्री नाही ते काढून टाकायचं. ह्याला आपण घरात काय म्हणतो? परीक्षेपुरता अभ्यास!

बरं, मार्क देणारे तरी मोकळे असतात का? २००७ साली अमेरिकेत 'गेमस्पॉट' ह्या नावाजलेल्या ठिकाणी जेफ गर्स्टमन नावाच्या समीक्षकानं 'केन अँड लिंच' ह्या गेमला दहापैकी सहा दिले. त्याच वेळी तिथे त्याच गेमच्या मोठमोठ्या जाहिराती झळकत होत्या. थोड्याच दिवसांत गर्स्टमनला कामावरून काढलं. जाहिरातदारांचा दबाव होता, हे त्यानं २०१२ साली उघडपणे सांगितलं. २०२० च्या डिसेंबरमधली गोष्ट आणखी वेगळी. 'सायबरपंक २०७७' हा गेम येण्याआधीच त्याला नव्वदीच्या घरात मार्क पडले. पण समीक्षकांना खेळायला दिला होता तो भारी कॉम्प्युटरवरचा गेम. साध्या, जुन्या यंत्रांवर ज्यांनी घेतला त्यांच्याकडे तो धड चालेचना. आठवडाभरात सोनीनं तो आपल्या दुकानातून काढून घेतला आणि पैसे परत दिले. पुढे दुरुस्त्या होऊन गेम सुधारला, पण पहिल्या दिवशी नव्वदी बघून पैसे टाकणाऱ्यांचं काय? पाहुण्यांना वाढलेलं ताट निराळं आणि घरच्यांचं निराळं, असाच हा प्रकार.

मग समीक्षक नकोत, सामान्य माणसांनीच मार्क द्यावेत, असं वाटतं ना? तिथेही सुख नाही. २०२० च्या जूनमध्ये 'द लास्ट ऑफ अस'चा दुसरा भाग आला. तो पुरा करायला वीस-पंचवीस तास लागतात, पण पहिल्या काही तासांतच हजारो लोकांनी त्याला शून्य देऊन टाकलं. गेम न खेळता राग काढला! शेवटी मेटाक्रिटिकनं नियम केला, की गेम आल्यावर छत्तीस तास सामान्यांनी मत द्यायचं नाही. फार लांब कशाला जा? नवी मुंबईच्या कंपनीनं २०१६ साली काढलेला 'लुडो किंग' आपण २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी खेळलो. त्याच्याखालचे अभिप्राय वाचा. सहा पडत नाही म्हणून एक तारा! आमच्या शेजारच्या काकूंनी, सोंगटी घराच्या तोंडाशी असताना मारली गेली, म्हणून दोन तारे काढून घेतले होते.

एवढं ऐकून कुणी म्हणेल, मग मार्क बंदच करा. काहींनी ते करून पाहिलं. इंग्लंडच्या 'युरोगेमर'नं २०१५ साली मार्क बंद केले, नुसतं लिहायचं ठरवलं. २०२३ साली मात्र त्यांनी पुन्हा तारे आणले. मला ह्याचं नवल वाटत नाही. 'स्टीम' ह्या एकाच दुकानात हल्ली वर्षाला दहा हजारांहून जास्त नवे गेम येतात. एवढं सगळं वाचणार कोण? माझ्यापुढे निबंधांच्या चाळीस वह्या असतात. प्रत्येकीखाली मी चार ओळी लिहिते, कुठे छान जमलं, कुठे घसरलं. तरी पालक आले की पहिला प्रश्न, "मार्क किती?" मला त्यात राग येण्यासारखं काही वाटत नाही. आकडा हा चाळणीसारखा आहे. धान्य ढीगभर असलं की चाळणी लागतेच. पण चाळून झाल्यावर हातानं निवडायचं काम उरतंच, ते चाळणीवर सोडता येत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, मुलं "हा गेम घे, ह्याला नव्वद आहेत" म्हणत मागे लागली, तर मी काय करते ते सांगते. आधी वयाची खूण बघते. मार्क आणि वयाची खूण ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पंच्याण्णव मार्कांचा गेम अठरा वर्षांवरच्यांसाठी असू शकतो. मोबाईलच्या दुकानात ३+, ७+, १२+, १६+, १८+ असं लिहिलेलं असतं, ते आकड्याच्या आधी वाचावं. मग दोन परीक्षणं पुरती वाचते, एक भरपूर मार्क देणाऱ्याचं आणि एक हात आखडणाऱ्याचं. दोघांनी एकच दोष सांगितला असेल तर तो खरा समजावा. परीक्षण कुठल्या यंत्रावर खेळून लिहिलं आहे आणि आपल्या घरी कुठलं यंत्र आहे, हे ताडून बघते. गेम घेतल्यावर आत पुन्हा पैसे मागतो का, हे विचारते. सामान्य लोकांची मतं वाचायची तर 'स्टीम'वरच्यासारखी, जिथे गेम घेतल्याशिवाय मत देता येत नाही. आणि त्यातही किती तास खेळून लिहिलं ते शेजारी दिसतं. अर्ध्या तासात लिहिलेल्याचं फार मनावर घेऊ नये. आणि महिनाभर थांबायला काय हरकत आहे? दुरुस्त्या होतात, किंमतही उतरते.

त्या स्थळाचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. मुलीनं भाच्याला फोन केला. तिनं त्याच्या गेमची चार-पाच परीक्षणं वाचली होती. तिनं मार्कांचं काढलंच नाही. "त्यातलं तुम्ही काय केलंय?" असं विचारलं. तो म्हणाला, "दुसऱ्या भागातली ती पायऱ्यांची विहीर. आणि तिथला पाऊस." ती म्हणाली, "मग ते मी वाचलंय." एका परीक्षणात, गेमला सहाच मार्क देणाऱ्याच्या परीक्षणात, त्या विहिरीवर दोन वाक्यं होती. काम विसरून त्या पायऱ्यांवर उगीचच बसून राहावंसं वाटतं, अशा अर्थाची. भाच्यानं ती वाक्यं केव्हाच उतरवून ठेवली होती, हे आम्हाला तेव्हा कळलं. नव्या कंपनीत गेला तेव्हाही त्यानं चौसष्ट झाकले नाहीत. विहीर दाखवली. काम मिळालं, पगार पहिल्यापेक्षा थोडा कमी. लग्नाचं बोलणं चालू आहे. काकांनी आता मोबाईल खिशातच ठेवला आहे.

सध्या आमच्या घरात नियम असा केला आहे, की नवा गेम हवा असेल तर आधीच्या गेमवर दहा ओळी लिहून दाखवायच्या. काय आवडलं, कुठे कंटाळा आला, कुणी खेळावा आणि कुणी खेळू नये. परवा मुलीनं वही आणून दिली. 'राजी'वर लिहिलं होतं, चांगलं लिहिलं होतं. "आई, शेवटी मार्क किती देऊ?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "तुला वाटतील तितके दे. पण आधी नववी ओळ नीट कर, 'लढाई बोअर आहे' म्हणजे नेमकं काय होतं ते लिही." ती कुरकुरत वही घेऊन गेली आहे. अजून लिहितेच आहे.